टेम्पोत दोन माणसांची जागा खाणारा बास

बास गिटार वाजवणाऱ्याकडे स्टेजवर कोणी बघत नाही, त्यामुळे त्याला सगळ्यांकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. डहाणू रोडच्या आमच्या, लग्नांत वाजवणाऱ्या बँडमध्ये २०१४ पासून पाच वर्षं मागे उभा राहून मी किस्सेच गोळा केले!

*

पहिलंच लग्न आगर गावात. नवऱ्याच्या काकांनी माझ्या जुन्या बासच्या तारा मोजल्या. चारच भरल्या; बासला असतातच चार, साध्या गिटारला सहा.

"दोन तुटल्या वाटतं," काका हळहळले. "असू दे, घरचंच लग्न आहे!"

*

समुद्राच्या खाऱ्या हवेनं त्या चारही गंजल्या, आवाज बसला. तारा उकळल्या की सुधारतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. मी त्या आईच्या चहाच्या पातेल्यात टाकल्या. आईनं झाकण उचलून शांतपणे विचारलं, "मीठ घातलंस का?"

तारा खरंच खणखणीत झाल्या! आता वाजवून झालं की लगेच कोरड्या फडक्यानं पुसतो. पातेलं मात्र आईनं परत घेतलं नाही.

*

बँडचे मालक नितीनभाई स्वतः कीबोर्ड वाजवतात. एकदा मी बास त्यांच्याच छोट्या स्पीकरला जोडला. दुसऱ्या गाण्याला स्पीकरचा कागदी पडदा फाटला.

"अरे, आ शुं? आत म्हैस कोंडलीस काय?" नितीनभाई ओरडले.

मग मी बासचा वेगळा अ‍ॅम्प घेतला, स्पीकर आतच असलेला खोका. चांगला गुडघाभर उंच, उचलायला दोघं लागतात.

*

तलासरीला तारांना हात लावला की झटका बसायचा. वायरमननं मांडवामागे लोखंडी सळई ठोकून अर्थिंग केलं आणि नवरीच्या मामांना सांगितलं, "इथली माती ओली ठेवा."

मामा मंगलाष्टकं सोडून तांब्यानं पाणी घालत बसले. एका पाहुण्यानं विचारलं, "काय लावलंय?"

"माहीत नाही," मामा म्हणाले, "पण सुकलं तर गाणी बंद होतात!"

*

टेम्पोत माझा अ‍ॅम्प दोन माणसांची जागा खायचा. शेवटी नितीनभाई वैतागले. "झरी गावची हळद झाली की बास बंद! डाव्या हातानं कीबोर्डवर मीच वाजवेन. कोणाला कळणार पण नाही."

मला दुसरं काही वाजवताच येत नाही.

झरीला भर दुपारी बायका कमरेत हात घालून गोल नाचत होत्या. व्होल्टेज उसळलं आणि माझ्या अ‍ॅम्पचा फ्यूज उडाला. जादा फ्यूज घरी राहिलेला! नितीनभाईंनी माझ्याकडे बघून हसत डावा हात चालू केला.

नाच थांबला. अख्खा गोल जागीच उभा. नवऱ्याची आजी स्टेजपाशी आली आणि माझ्या अ‍ॅम्पवर तळवा ठेवून म्हणाली, "यो डबा मुका का झाला? आता पाय कुठं टाकू?"

नितीनभाईंनी कीबोर्ड वाजवणं थांबवलं. स्वतःच्या कीबोर्डच्या अ‍ॅम्पची मागची फ्यूजची टोपी फिरवली, त्यातला फ्यूज काढला आणि माझ्या हातात ठेवला.