पुसलेली रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. आत्ता तुम्हाला सांगण्याआधीही उठून दाराची कडी बघून आले. कशाला? कोण येणार आहे?

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीत मी आणि रेवती शेजारी बसायचो. मी नाशिकची, ती इथल्याच जुन्या मराठी घरातली, तिच्या बोलण्यात कानडी सहज मिसळलेलं. होसकोटेच्या एका कारखान्यात चालकाविना माल वाहणाऱ्या गाड्या होत्या, त्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. सगळा कारखाना आम्ही ग्राफमध्ये मांडलेला — ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. गाडी ठिपका, गल्ली ठिपका, माणूसही ठिपकाच. अमुक चित्र दिसलं की त्याचं तमुक करायचं, असे नियम. नियम फार झाले म्हणून त्यांचे वेगळे भाग, म्हणजे मॉड्यूल्स, पाडले. प्रत्येकानं मोजकेच नियम बाहेर दाखवायचे, बाकीचे आत झाकायचे, आणि एक हमी द्यायची — दुसऱ्याच्या रेघांना मी हात लावणार नाही. त्या हमीवर विसंबूनच सगळे भाग एकमेकांना जोडायचे.

गाड्यांना वाट देणारं मॉड्यूल माझं. माणसांना जपणारं रेवतीचं. गल्लीत माणूस शिरला की तिचा नियम माणसापासून गल्लीपर्यंत रेघ ओढायचा. ती रेघ आहे तोवर गाडी आत जाणार नाही.

माझ्या मॉड्यूलच्या आत, कुणाला न दिसणारा एक नियम होता — गाडी अडकली की भोवतीच्या शिळ्या रेघा पुसणारा. एका चाचणीत मी बघितलं, त्यानं रेवतीची रेघही पुसली. माझ्या डोळ्यांसमोर. मी काय केलं असेल? स्क्रीन बंद केली. हमी तर आधीच देऊन बसले होते, सगळ्यांसमोर कौतुकही झालं होतं. नंतर बघू, म्हटलं — की तेवढंही म्हटलं नव्हतं, आता जुळवतेय?

मग होसकोटेहून फोन आला. तिथले कामगार मंजुनाथअण्णा गल्लीत सांडलेले खोके उचलत होते. गाडी त्यांच्या पावलावरून गेली.

आम्ही दोघी कॅबनं हॉस्पिटलला निघालो. रेवती म्हणाली, "अगं, तुझ्या मॉड्यूलमधून माझी रेघ पुसली जात नाही ना? स्वल्प बघशील का?"

इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. आणि तरी शब्द आले — अगदी सहज.

"नाही गं. मी बघितलंय."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

चौकशीत एवढंच निघालं, की त्या वेळी रेघ नव्हती. झाकलेले नियम नोंदीत उमटत नव्हते. रेघ ओढायचं काम रेवतीचं, म्हणून दोष रेवतीचा. "सरी, ठीक आहे, माझंच कुठंतरी चुकलं असेल," ती मीटिंगमध्ये म्हणाली. मी तिच्या समोरच बसले होते. पुढे तिनं नोकरी सोडली, एका शाळेत गणित शिकवू लागली. अण्णा अजून लंगडतात. तो नियम मी गुपचूप बदलला, आणि तिचं मॉड्यूलही माझ्याकडेच आलं.

तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा घालून ठेवते. कुणी जुनं काम उघडून बसलं की त्याच्या मागून फेऱ्या मारते. पण मी घाबरते कशाला — पकडली जाईन याला? की अण्णांच्या पायाला? खरं सांगू, बहुतेक वेळा पहिल्यालाच.

गेल्या आठवड्यात रेवतीनं मला कोरमंगलात कॉफीला बोलावलं. तिला हॉस्पिटलच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत काम मिळत होतं. तिचा चेहरा उजळला होता, आणि लगेच पडला.

"तूच सांग," ती म्हणाली, "तू तेव्हा होतीस. माझ्या हातून परत तसं झालं तर?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांवर होतं.

मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "नीट विचार कर, रेवती. तिथं माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो."

तिनं मान हलवली. काल तिचा मेसेज आला — त्या कंपनीला तिनं नकार कळवला. खाली माझे आभार मानले होते.