डिसेंबरात कूलर लावणारे काकाजी

आमच्या शेजारच्या काकाजींइतका हट्टी माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर काकाजींनी त्याला चहाला बोलावून दोन तासांत आपल्या मताचा करून सोडला असेल. संत्र्याच्या गावात राहून या माणसानं अंगणात नासपती लावली. लिंबू लावा, पेरू लावा, निदान सीताफळ तरी लावा, असं आमच्या लेआउटमधल्या प्रत्येकानं त्यांना सांगून पाहिलं. "लिंबू काय, कोणीही लावते," काकाजी म्हणाले. "नासपतीले थंडी लागते, अन् नागपुरात ते नाही. म्हणजे माणसाले काम आहे." पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी काही वर्षं सकाळी फिरण्यात आणि दुपारी पेपर दुसऱ्यांदा वाचण्यात काढली होती. लग्न केलेलं नव्हतं. मला वाटलं, रिकाम्या माणसाचं खूळ आहे, उन्हाळा लागला की उतरेल. ते सात वर्षं टिकलं.

झाड कोणतं आणायचं हे ठरवायलाच त्यांनी एक वर्ष घेतलं. तरुणपणी त्यांनी म्हणे सव्वीस स्थळं नाकारली होती. कुणाची उंची जास्त, कुणाचा मामा आगाऊ. नासपतीच्या जातीही त्यांनी त्याच काटेकोरपणे नाकारल्या. मऊ, रसाळ फळाच्या जातीला दोन-दोन महिने गारठा लागतो, तेव्हा ती बाद. दुसरी रोगाला लवकर बळी पडते, तीही बाद. शेवटी पंजाबच्या मैदानी भागात होणारी पत्थरनाख नावाची जात त्यांच्या पसंतीला उतरली. फळ कडक, दाणेदार, पण झाड उन्हाला त्यातल्या त्यात कमी भिणारं. "आपल्यासारखंच आहे," ते म्हणाले, आणि कुणी हसलं नाही म्हणून स्वतःच हसले. डिसेंबरात ओल्या पोत्यात गुंडाळून रोप आलं. एक पान नाही, माती नाही, नुसती मुळं असलेली काठी. काकाजींनी ती काठी पूजेच्या वस्तूसारखी दोन्ही हातांवर घेऊन गल्लीतून मिरवत आणली आणि समोरच्या बाईंनी मला गॅलरीतून खुणेनं विचारलं, हे बरे आहेत ना?

अख्खं नागपूर होळीच्या सुमारास कूलर काढतं आणि दिवाळीच्या आत ताडपत्रीत गुंडाळून ठेवतं. काकाजींचा कूलर डिसेंबरात बाहेर यायचा. खस बदलून, टाकी भरून, तोंड नासपतीकडे करून ते तो पहाटेपासून चालू ठेवायचे आणि स्वतः स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून शेजारी खुर्चीवर बसायचे. त्याआधी झाडाची उरलीसुरली पानं ते एकेक करून हातानं खुडायचे. पानं असली की झाडाला वाटतं अजून दिवस आहेत, ते झोपत नाही, आणि झोपल्याशिवाय फुलत नाही, असं त्यांचं शास्त्र. कूलरच्या हवेनं झाड झोपायचं की नाही कोण जाणे, काकाजींना मात्र सर्दी हमखास व्हायची. एकदा पानांवर मावा ही कीड पडली म्हणून त्यांनी भिवापुरी मिरचीचं पाणी फवारलं, तेव्हा वारा आमच्या बाजूचा होता. त्या दिवशी आमच्या रांगेतल्या चार घरांत कुणीही धड वाक्य पूर्ण केलं नाही.

नासपतीच्या फांद्या सरळ वर जातात, आणि सरळ वर गेलेली फांदी फळत नाही. तिला वाकवून आडवी करावी लागते. त्यासाठी काकाजींनी झाडाला अर्ध्या विटा टांगल्या, मग जुनी कुलपं टांगली, आणि वजन कमी पडलं तेव्हा बिनशिट्टीचा कुकर टांगला. येणारे-जाणारे लोक हे नवसाचं झाड समजून हात जोडायला लागले. एक बाई तर लाल फडक्यात नारळ बांधून गेल्या. काकाजींनी तो काढला नाही. त्या फांदीला नेमकं तेवढंच वजन हवं होतं. "ताठ राह्यलं तं काही लागत नाही वं पोरी," ते मला म्हणाले. "हे मले उशिरा समजलं." मी बावन्न वर्षांची आहे, सदर भागातल्या एका ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर बसते, पण त्यांच्या लेखी पोरगीच. माझे मिस्टर नोकरीला चंद्रपूरला, शनिवारी येतात. मुलगी बंगळुरूला. त्यामुळे संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीशी उभी राहून नासपतीची खुशाली ऐकायला मला भरपूर वेळ असायचा, आणि खरं सांगायचं तर त्या खुशालीची मला सवय झाली होती.

या सगळ्या गमतीत एक काटा होता. तो प्लॉट काकाजींच्या आणि त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाच्या नावावर होता. भावाचा मुलगा पुण्याला. घर पाडून तिथे चार माळ्यांची स्कीम करायला एक बिल्डर तयार होता आणि फक्त काकाजींची सही अडली होती. पुतण्या लोभी असता तर मला गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं. पण तो भला माणूस. काकांनी एकटं राहू नये, पुण्याला आपल्याकडे यावं, एवढंच त्याचं म्हणणं. नासपती लावली त्याच महिन्यात तो आला होता, आणि फारच मागे लागला तेव्हा काकाजी म्हणाले, "याले पहिलं फळ लागू दे. सही करतो अन् तुह्या घरी राहाले येतो." पुतण्या आनंदानं कबूल झाला. नागपुरात नासपतीला फळ लागणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. लेआउटमध्ये सगळ्यांनी काकाजींच्या हुशारीला दाद दिली. फळ लागायचं नाही आणि घर सुटायचं नाही. मला फक्त एक कळेना, की मग हा माणूस सर्दी अंगावर घेऊन कूलर कशाला लावतो? एकदा विचारलंही. "लावलं त्याले फळाची आस ठेवाच लागते ना," ते म्हणाले आणि विषय बदलून माझ्या तुळशीला नावं ठेवायला लागले.

चौथ्या वर्षी फुलं आली. पांढरी, नाजूक. आणि सगळी गळून गेली. एकट्या नासपतीला सहसा फळ धरत नाही. जवळ दुसऱ्या जातीची नासपती त्याच वेळी फुललेली लागते. दुसरं रोप त्यांनी लावलंही, पण ते पहिल्याच मे महिन्यात वाळलं. मग काकाजींनी पचमढीत एका जुन्या बंगल्याच्या बागेतलं झाड शोधून काढलं. त्याच्या फुललेल्या फांद्या आणून, बादलीत पाणी घालून आपल्या झाडात टांगायच्या, बाकीचं मधमाश्या बघतील, असा बेत. स्वतःसाठी कधी उंबरा न ओलांडलेला माणूस झाडासाठी स्थळ घेऊन यायला निघाला. दोन वर्षं मुहूर्त चुकला. एकदा आपलं फुललं तर तिकडे कळीही नाही, आणि एकदा फांद्या आणल्या तोवर इकडचा बहर संपलेला. तिकडच्या माळ्याला रोज फोन करून ते इतक्या काकुळतीनं "कळी फुटली का?" विचारायचे, की तो माळीच एकदा मला फोनवर म्हणाला, बाई, इनको थोडा समझाओ.

सातव्या वर्षी काकाजी बाथरूममध्ये पडले. हाड शाबूत राहिलं, पण पुतण्या घाबरून धावत आला आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, कधी लागणार हो हे फळ?" त्या फेब्रुवारीत काकाजींना एकटं कसं पाठवणार म्हणून रजा टाकून मीच पचमढीला बरोबर गेले. परतीच्या बसमध्ये छिंदवाड्यापर्यंत बादली माझ्या मांडीवर आणि फुलं माझ्या नाकात. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, इस झाड का टिकट लगेगा." काकाजी म्हणाले, "दूल्हे का टिकट कौन लेता है भाई?" बसमधल्या बायका हसल्या, आणि पुढच्या स्टॉपला एकीनं त्या फांद्यांना चक्क हळदीचं बोट लावलं.

मार्च अखेरीस झाडावर तीन फळं धरली. सुपारीएवढी, हिरवी, खडबडीत. काकाजींनी मला भिंतीशी बोलावून ती दाखवली. मी ती बघितली आणि पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की आता हे जाणार. "काकाजी, हळू बोला," मी म्हटलं. "कुणाला सांगू नका." माझ्या जुन्या हिरव्या परकराच्या मी तीन पिशव्या शिवल्या, पोपटांपासून रक्षण हे निमित्त, आणि त्या फळांवर अशा बांधल्या की पानांत दिसूही नयेत. मे महिन्यात हिरवी जाळी लावली. समोरच्या बाई काही विचारायला आल्या की मी आडवी यायचे. काकाजींनी गल्लीत कुणापुढे तोंड उघडलं की मी भिंतीवरून डोळे वटारायचे. त्यांचं घर वाचवण्याचं काम मी मनापासून हाती घेतलं होतं. ते मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. वाटलं, वय झालं.

जुलैमध्ये पिशव्या मोजल्या तर दोनच भरलेल्या. तिसरी रिकामी लोंबत होती. पोपटाचं काम, मी मनात म्हटलं. त्याच आठवड्यात पुतण्या आला. व्हरांड्यात चहा पिता पिता त्याचं लक्ष झाडाकडे गेलं. "ताई, त्या पिशव्या कसल्या?"

"माश्या मारायचं औषध असतं त्यात," मी एका दमात सांगितलं.

काकाजी काठी टेकत उठले, झाडाशी गेले, पिशवी सोडली आणि फळ तोडून आणलं. चाकूनं फोडी केल्या, ताटली पुतण्यापुढे ठेवली. "नासपती आहे. खा."

त्यानं एक फोड बराच वेळ चावली. "कडक आहे," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ताटलीकडेच बघत राहिला. "काका, घाई नाहीये. पुढच्या वर्षी बघू हवं तर."

"कागद आण गा," काकाजी म्हणाले. "शब्द दिला होता."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सामान बांधायला मदत करायला गेले आणि भांडलेच. चार महिने मी काय कमी खोटं बोलले? कुणाला कळलं असतं? कशाला स्वतःहून दाखवलं? काकाजी पुस्तकं खोक्यात रचत होते. ते थांबले.

"तिसरं पोपटानं नाही खाल्लं," ते म्हणाले. "मीच तोडलं. नासपती झाडावर पिकत नाही, तोडून तांदळात ठेवा लागते. आठ दिवसानं खाल्लं. गोड निघालं वं. मले वाटलंच नव्हतं एवढं गोड निघन. उठून उभा राह्यलो सांगाले, अन् घरात कोणीच नाही. तुह्याकडे येऊन राहिलो होतो, फाटकापर्यंत आलोही. मंग आठवलं, तू म्हणशील, काकाजी, हळू बोला. सात वर्षानं फळ लागलं, अन् ते का हळू सांगाचं?"

त्यांचं घर जाऊ नये म्हणून मी धडपडत होते असं मी सगळ्यांना सांगते, पण माझी संध्याकाळ जाऊ नये, एवढंच त्यात होतं. ते मी त्यांना त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

जाताना त्यांनी उरलेलं फळ माझ्या हातात दिलं. तांदळाच्या डब्यात ठेव, देठाशी अंगठ्यानं दाबल्यावर दबलं की खा, असं दोनदा बजावलं, आणि गाडीत बसले. मग फाटकाला कुलूप लागलं. मी रोज संध्याकाळी डब्याचं झाकण काढून देठाशी अंगठा दाबायचे. गुरुवारी ते दबलं. ओट्याशी उभी राहूनच मी फोड खाल्ली. दाताखाली बारीक रवा लागला आणि मग गोडी आली, ती घशापर्यंत गेली. मिस्टर येणार तो शनिवार अजून दोन दिवस लांब होता. मुलीनं फोन उचलला नाही. मी गॅलरीत येऊन पुण्याला लावला.

"काकाजी, गोड निघाली."

"काय म्हणतं? जोरानं बोल वं. इथं सातव्या माळ्यावर हवा लय आहे, ऐकूच येत नाही."

मग मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या बाईंनी खिडकी उघडली. काय गोड निघालं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांनाही सांगितलं.