मामांचे ताट

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तरी माझ्या मसुद्यात कोणा कारकुनाला कधी खोट काढता आली नाही. एवढा जाणता असूनही धाकट्या बहिणीचे लग्न माझ्याच हातून मोडण्याच्या बेतात आले होते.

वडील हयात नव्हते. बहीण तिशीला टेकलेली. आधीची दोन स्थळे ठरता ठरता फिसकटलेली. तिसरा मुलगा सातिवलीच्या एका कारखान्यात नोकरीला. माणसे घाटावरची. साखरपुडा गोखिवऱ्याच्या हॉलमध्ये पार पडला. लग्नाची तारीख जेवणानंतर धरायची होती. आमच्या बाजूला तेव्हा बुफेची टूम नवी होती. पंगत मागासलेली वाटते, असे सांगून बुफेचा आग्रह मीच धरला.

त्या दिवशीचे दृश्य आठवले की आजही घास उतरत नाही. एरवी सभ्य म्हणवणारी नोकरदार माणसे कोपरांनी एकमेकांना रेटत होती. पुलावावर श्रीखंड, त्यावर बटाट्याचा रस्सा, असा चिखल ताटाताटांत कालवला जात होता. खरकट्याच्या टबात अख्ख्या पुऱ्या भिजून फुगल्या होत्या.

मुलाचे मामा तेवढे खुर्चीवरून हलले नव्हते.

"मामा, जेवून घेता ना?" मी विचारले.

"नको. सकाळचंच अजून जिरलं नाही."

नको म्हणतात म्हणून मी पुढे गेलो. थोड्या वेळाने मुलाच्या वडिलांनी मला खांबाआड नेले.

"आमचे मेव्हणे उपाशी बसलेत. पंचांग त्यांच्या पिशवीत आहे, आणि ते म्हणतात, ताट घेऊन रांगेत उभं राहायला मी काय रेशन न्यायला आलोय?"

"मी विचारलं होतं त्यांना."

"एकदा विचारलंत. एकदा विचारल्यावर हो कोण म्हणतं, दादा?"

मी ताट वाढून मामांपुढे नेले.

"छे छे, भूकच नाही."

"दोन घास घ्या, मामा."

"कशाला उगाच?"

"माझ्या बहिणीकडे बघून तरी घ्या."

"बरं. तुमचं मन मोडवत नाही म्हणून."

जिलबीलाही तीच आर्जवे झाली. मी चार वाढल्या. त्यांनी एकीचा तुकडा मोडला, दोन घास पुलाव खाल्ला, आणि भरल्या ताटातच हात धुतले. वर चूळही त्यातच टाकली.

मग हात पुसत त्यांनी पंचांग उघडले. "वैशाखातला दुसरा मुहूर्त चांगला आहे. चालेल?"

पलीकडे बहीण श्वास रोखून माझ्या तोंडाकडे पाहत होती. ते ताट दोन्ही हातांत उचलून मी म्हणालो, "आपण म्हणाल तसं, मामा."

तिने मान खाली घातली आणि पदराने कपाळ टिपले. मी हसऱ्या चेहऱ्याने तसाच उभा राहिलो. त्या हसण्याची शिसारी मला खरकट्याहून अधिक आली.