ह्यांनी लावलेला बोल्ट

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, गॅरेजवाल्याची बायको म्हणजे फार तर वेळेवर चहा नेऊन द्यावा लागेल. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला हाक मारून एका खटारा गाडीत बसवलं आणि स्वतः गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. खालून म्हणाले, "स्टेअरिंग जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे. पुरतं वळवायचं नाही. पाळणा हलवतात तसं नुसतं हलवायचं." घरात पाळणा यायला अजून अवकाश होता. पण मी हलवलं.

त्यानंतर इतकी वर्षं मी तेच काम करत आले. स्टेअरिंग सैल झालं की दोष एकट्या माणसाला सापडत नाही. एकाने वर बसून स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचं. जो सांधा बोटाखाली टकटक करेल तो झिजलेला. मी वर, हे खाली. मला आजतागायत गाडी चालवता येत नाही, पण गावातल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगला माझे हात लागलेत, सगळ्या जागच्या जागी उभ्या असताना. खालून "हलव" आलं की हलवायचं, "बास" आलं की थांबायचं. या दोन शब्दांवर आमचा संसार झाला, असं मी मुलीला सांगते. ती म्हणते, आई, बाबांपेक्षा मुकी माणसंसुद्धा जास्त बोलतात.

गिऱ्हाइकं ह्यांना वैद्यबुवा म्हणायची. सांध्यावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायचे ना, नाडी बघितल्यासारखे! आणि निदान कधी चुकायचं नाही. ह्यांना त्याचा गर्व होता, मी कशाला खोटं बोलू. बोल्ट किती आवळायचा ते ह्यांचं मनगट ठरवायचं. मुलीने एका वाढदिवसाला काट्याचा पाना आणून दिला होता. बोल्ट किती घट्ट बसलाय ते त्याच्यावरचा काटा दाखवतो. ह्यांनी मुलीचं तोंडभर कौतुक केलं, पाना भिंतीवरच्या खिळ्याला टांगला आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. "मनगट काय भाड्याने दिलंय का मी?" म्हणाले.

दुसरा एक नियम होता. स्वतःच्या हाताने लावलेला भाग परत तपासायचा नाही. तपासला तर म्हणे हाताचा अपमान होतो. मी म्हणायचे, "अहो, हाताला कुठे नाक आहे फुगवायला?" त्यावर हसायचे, पण नियम काही मोडायचे नाहीत.

साखरेचं दुखणं ह्यांना जुनंच. आधी तळपायांना मुंग्या यायच्या. मग पायातली चप्पल मागे राहिली तरी कळेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पथ्य सांभाळा, हे हातापर्यंत येईल. ह्यांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. मग एका सकाळी मी चहा घेऊन गॅरेजात गेले तर ह्यांचा डावा पंजा चालू गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरवर टेकलेला, आणि उजव्या हाताने हे निवांत नट काढतायत. मी किंचाळले तेव्हा कुठे हात उचलला. "लक्ष नव्हतं गं," म्हणाले. मी मलम लावलं, फोडावर फुंकर घातली. फुंकर तरी कळतेय का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. हा माणूस गॅरेजबाहेर कोणीही नाही. पत्ते खेळत नाही, देवळात जात नाही, शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या पुढे बोलत नाही. हात गेले तर हे दिवसभर करणार काय?

अशात फोटोवाल्यांची लाल गाडी आली.

फोटोवाले म्हणजे चौकातल्या स्टुडिओचे म्हातारे मालक. गाडी त्यांच्या तरुणपणातली, शर्यतीत पळवतात त्या जातीची. दोनच सीट, कापडी छप्पर, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून ते गाडी मुलीला देणार होते. ती शनिवारी येणार आणि डोंगरातल्या वळणाच्या रस्त्याने गाडी आपल्या घरी नेणार.

"वैद्यबुवा," ते म्हणाले, "स्टेअरिंग चार बोटं फिरवावं तेव्हा कुठे चाकांना बातमी पोचते. सरळ रस्त्यावरही गाडी झिंगल्यासारखी जाते. पोरीच्या हातात अशी कशी देऊ?"

"मी हात लावला की झालं," हे म्हणाले.

मी वर, हे खाली. स्टेअरिंगचा दांडा जिथे गाडीच्या पोटात उतरतो, तिथला खालचा सांधा झिजला होता. ते काही बोटांनी नाही सापडलं, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. सांध्याचं रबर फाटून लोंबत होतं. ह्यांनी नवा सांधा आणला, बसवला, बोल्ट आवळला. मी पुन्हा स्टेअरिंग हलवलं. सैलपणा होताच. खालून कुठून तरी टक, टक असा आवाज येत होता.

"चाकांकडचे सांधे," हे म्हणाले आणि ते बदलले. टकटक होतीच. मग दांड्याखालच्या पेटीचे बुश, म्हणजे तिथल्या रबरी कड्या, बदलले. मग चाकांचे बेअरिंग. गाडी घेऊन रस्त्यावर एक फेरी मारून आले ते घामाने निथळत. दरवेळी खड्ड्यात उतरायचे, सांध्यांवर तीन बोटं ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हलव." मी हलवायचे. "बास" यायला पूर्वी चहा निवायचासुद्धा नाही. आता मी हलवत राहायचे आणि खालून काहीच यायचं नाही. माझे खांदे भरून यायचे, पण थांबायची भीती वाटायची. थांबले तर हे वर येतील आणि मला ह्यांचं तोंड बघावं लागेल.

जेवण तुटलं. ताटात बोटं फिरवत बसायचे. एकदा मीच म्हटलं, "अहो, दुसऱ्या कोणाला तरी दाखवू या का?" माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले. परत आले तेव्हा ताटाशी बोलल्यासारखे म्हणाले, "या गाडीचं दुखणं मला सापडलं नाही ना, तर मी शटर ओढणार. मग गाडीला हात लावणार नाही." मला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. रागाने बोलतात ते विसरतात, हळू बोलतात ते करतात.

शुक्रवारी दुपारी ह्यांनी वेगळंच काढलं. "आज तू खाली उतर," म्हणाले. "मी वर बसतो."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचंय काय? बोटं ठेव. टकटक लागली की सांग."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला खड्ड्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. मी पदर खोचला आणि उतरले. ऑइलचा वास, डोक्यावर गाडीचं काळं पोट, आणि एक लोंबता दिवा. इथे ह्यांचं सगळं आयुष्य गेलं, आणि मी आज पहिल्यांदा बघत होते. हे वर जाऊन बसले तशी गाडी जराशी दबली.

"आधी पलीकडच्या चाकाकडे जा," आवाज आला.

मी निघाले, पण पायाखाली ऑइल होतं. पाय सरकला. पडू नये म्हणून मी हात वर केला आणि जे हाताला लागलं ते धरलं. तो स्टेअरिंगचा दांडा होता, नेमका खालच्या सांध्यापाशी. त्याच वेळी ह्यांनी स्टेअरिंग हलवलं.

टक. टक. माझ्या मुठीत.

मला काय कळतंय, म्हणणाऱ्या मला सुद्धा कळलं. दिवा जवळ घेतला. नवा, चकचकीत सांधा. त्याला दांड्याशी बांधणारा बोल्टही नवा. ह्यांनी सगळ्यात आधी लावलेला, आणि नियमाप्रमाणे पुन्हा कधी न बघितलेला. मी अंगठा आणि बोट लावलं. बोल्ट फिरला. बरणीचं झाकण फिरावं तसा सहज. ह्यांच्या मनगटाला तो घट्ट वाटला होता.

मी तिथेच उभी राहिले. गप्प बसून चालणार नव्हतं. हा बोल्ट डोंगरातल्या वळणावर निसटला असता तर त्या पोरीच्या हातात स्टेअरिंग नुसतं गरागरा फिरलं असतं. पण सांगायचं कसं? सांगितलं की हा माणूस संपला. मी मनाशी धडधडीत खोटं ठरवलं. बोल्ट गुपचूप आवळायचा आणि दोष दुसऱ्या सांध्यावर ढकलायचा.

"सापडलं बाई," मी उसनं हसत ओरडले. "पलीकडच्या चाकाच्या सांध्यात आहे. एक पाना द्या, मीच आवळते. बघाच!"

वर स्टेअरिंग थांबलं.

"पलीकडच्या चाकापाशी आहेस ना?"

"हो."

"मग तुझा आवाज माझ्या पायाखालून कसा येतोय?"

कान शाबूत होते ना ह्यांचे. मी तोंडावर पदर धरला.

"खालचा सांधा?" ह्यांनी विचारलं.

"हं."

"मी लावलेला."

मी बोल्टवरचं बोट काढून घेतलं.

"बोल्ट नुसत्या बोटांनी फिरतोय?"

"नाही हो, थोडासाच..."

"खरं सांग."

"फिरतोय," मी म्हटलं.

मग दार उघडल्याचा आवाज, ह्यांचे फरफटते पाय, आणि भिंतीपाशी काहीतरी खणखणलं. खड्ड्याच्या कडेला हे उकिडवे बसले आणि खाली हात केला. हातात मुलीने दिलेला काट्याचा पाना होता, धूळ शर्टाने पुसलेला.

"याने आवळ. मी सांगतो तिथपर्यंत काटा येऊ दे. घाई करू नकोस."

मी आवळला. काटा हलताना मला दिसत नव्हता, डोळे भरून आले होते. "आला का? आला का?" हे विचारत होते आणि मी अंदाजाने नाही म्हणत होते. शेवटी डोळे पुसले, दिवा धरला, नीट बघितलं आणि आला म्हटलं. हे वर जाऊन बसले, स्टेअरिंग हलवलं. माझ्या मुठीत दांडा दगडासारखा गप्प होता.

"बास," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी म्हटला.

हे थांबले नाहीत. मी वर आले तरी हे सीटवर बसून स्टेअरिंग डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे करत होते. "मला फरकच कळत नाहीये गं," म्हणाले. "मघाशी कसं होतं, आता कसं आहे, सगळं सारखंच. खाली बोटं ठेवायचो तेव्हाही काही लागायचं नाही. वाटायचं, आज लागेल, उद्या लागेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पोर मेली असती."

मी त्यांचे हात स्टेअरिंगवरून सोडवून घेतले. फोडाचा डाग तसाच होता. मी म्हटलं, अहो, इथून पुढे मी खाली उतरत जाईन, तुम्ही वर बसा, सांगत जा. बोलताना मला ते अगदी सोपं वाटत होतं. हे नाही-नाही अशी मान हलवत राहिले. "तुझ्या हाताला काय लागतंय ते मला कसं कळणार?" मी तेच हात पदराने पुसत राहिले.

शनिवारी फोटोवाले मुलीला घेऊन आले. तिने एक फेरी मारली आणि नाचतच उतरली. "काका, केसाएवढं वळवलं तरी वळते!" हे म्हणाले, "मी नाही केली. हिने केली." दोघं बापलेक खो खो हसली. फोटोवाले म्हणाले, वैद्यबुवा बायकोला घाबरतात हे आजच कळलं. मीही हसले, काय करणार.

मग त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. गाडी गावाबाहेर जायच्या आधी फोटो हवाच म्हणाले. ह्यांना सीटवर बसवलं. "चेहरा नको मला तुमचा, तो कोणाला बघायचाय! हात द्या. दोन्ही हात स्टेअरिंगवर." हे माझ्याकडे बघायला लागले. लहान मूल परक्या घरात आईकडे बघतं तसे बघत होते. मी मान हलवली. ह्यांनी हात ठेवले.

पोर गाडी घेऊन गेली. लाल गाडी कोपऱ्यावरून जराही न झिंगता वळली. फोटोवाले गेल्यावर ह्यांनी शटर ओढलं. शटरची साखळी मी धरायला गेले तर म्हणाले, एवढं येतं मला.

तेव्हापासून शटर खालीच आहे. कोणी गाडी घेऊन आलं तर मी बाहेर जाऊन सांगते, बरं नाही त्यांना. हे सकाळी अंघोळ करून कामाचे कपडे घालतात आणि खिडकीशी बसतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, आणि धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघून घेतात. मला राग येतो, कोणावर ते सांगता येत नाही. रात्री रडू येतं, तेही आवाज न करता, कारण ह्यांचे कान चांगले आहेत.

परवा फोटोवाल्यांनी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून पाठवला. मी लपवणार होते, पण ह्यांनीच मागून घेतला आणि भिंतीवर लावायला सांगितला. काट्याचा पाना जिथे टांगलेला असायचा, त्या खिळ्याला मी तो लावला. लाल गाडीचं काळं स्टेअरिंग आणि त्यावर ह्यांचे दोन हात, नखांत ऑइल, शिरा वर आलेल्या, बोटं कशी घट्ट वळलेली. बघणाऱ्याला वाटेल, या माणसाने धरलंय ते आता सुटायचं नाही.