मॅटवर ठेवलेले बूट

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, त्यामुळे रोजच्या कामांची यादी माझ्या हातात असते. गेटवरच्या वॉचमनचं नाव मात्र मी कधी लिहिलं नाही; त्यांना सगळे पैलवानच म्हणत. कान चुरगळलेले, आणि बसताना उजवा पाय हाताने उचलून सरळ करायचे.

एका सकाळी ते मोबाइलमध्ये गढले होते.

"पैलवान, टाकी कोण भरणार?"

"एक मिनिट, मॅडम. तुर्कस्तानचा चॅम्पियन आहे, माझ्याच वयाचा. याची प्रत्येक कुस्ती पाहिलीय मी. ही शेवटची."

पडद्यावर त्या चॅम्पियनने बूट काढून मॅटच्या मधोमध ठेवले. सगळं स्टेडियम उभं राहिलं.

"कुस्ती सोडताना असं करतात," ते म्हणाले.

"तुम्ही काय ठेवलंत?"

"गुडघा गेला तेव्हा मला उचलूनच बाहेर नेलं. आणि आम्ही मातीतले, अनवाणी लढणारे. ठेवणार काय?"

ते लंगडत पंपाच्या खोलीकडे गेले. आत पाणी साचतं, म्हणून त्यांनी दाराशी चपला काढून ठेवल्या.

माझी अजून तीन कामं बाकी होती. तरी ते बाहेर येईपर्यंत मी त्या चपलांपाशी उभी राहिले.