तारेवरचे आकडे

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा बोरीत लाइट नव्हती आणि माझा मोबाइल बंद पडायच्या बेतात होता. वहिनी "भाऊजी, हे..." एवढंच म्हणाल्या आणि तो बंद पडला. पुढचं मला कळलं होतं. तरी शाळेच्या शिपायाचा फोन मागून घ्यायला मी उगाच वेळ लावला. दोन वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो, आता कोणत्या तोंडानं विचारणार?

दिगंबर माझा शाळेपासूनचा दोस्त, परभणीत वीज खात्यात इंजिनिअर. पुढच्या दहा वर्षांत कुठल्या गावाला किती वीज लागेल, सोलर पंप किती येतील, चार्जिंगच्या गाड्या किती धावतील, नवं सबस्टेशन कुठं हवं, याचा आराखडा तो करायचा. मी त्याला जोशीबुवा म्हणायचो, पंचांग पाहून आजची लाइट कधी येते ते सांग म्हणायचो. तो हसायचा नाही. चहा पितानाही त्याचा पाय हलत असायचा.

एका उन्हाळ्यात तो बोरीला आला. म्हणाला, "कागदावर मोटारी कमी, अन् डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर सारखा जळायलाय. खरा आकडा तारेवर हाय, गुरुजी." आमच्याकडं तारेवर वायर अडकवून चोरून वीज घेतात, त्यालाही आकडाच म्हणतात. ते मोजून खरी मागणी दाखवली, तरच गावाला सबस्टेशन मिळणार होतं. लोक बिचकले. तेव्हा मी मध्ये पडलो, त्याचा शब्द तो माझा शब्द म्हणालो. त्यानंही कोणाचं नाव देणार नाही असं कबूल केलं. तीन दिवस आम्ही माना वर करून बांधाबांधानं फिरलो. माझ्या शेतापाशी तो थांबला, वर पाहिलं, वहीत एक रेघ ओढली आणि पुढं निघाला. मुलांना प्रामाणिकपणा शिकवणारा मास्तर मी... मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आराखडा आला, त्यात बोरी नव्हती. गावानं मला धारेवर धरलं आणि मी त्याला. परभणीचा झालास, गाव विसरलास, फोनवर वाटेल ते बोललो. "जमलं न्हाई रे," एवढंच तो म्हणाला.

तेराव्याला वहिनींकडून कळलं. वरच्या साहेबांनी नावांची यादी मागितली होती, त्याशिवाय मोजणी धरणार नव्हते. यानं दिली नाही, म्हणून आराखड्यातून बोरीचं पान निघालं. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तुमाला कळलं असतं तर तुमी सोता जाऊन आपलं नाव दिलं असतं, म्हणायचे."

मी दिलं असतं का? देव जाणे. पण त्याला तसं वाटायचं.

गेल्या आठवड्यात मी आकडा काढला आणि रीतसर जोडणीचा अर्ज आणला. भुईमूग पाण्यावाचून माना टाकतोय आणि अर्ज अजून टेबलावरच आहे. सगळे रकाने भरलेत, एकच राहिलाय : सध्या वीज कुठून घेता? दिगंबरनं माझ्याबद्दल बांधलेला अंदाज खरा करायचा, तर तिथं एकच शब्द लिहायचाय. रोज पेन उचलतो... आणि तो मला लिहवत नाही.