जंगल न दिसणारा मनोरा

‘हा मनोरा म्हणजे वनाचा अखंड जागता डोळा होय.’ आमच्या फायर टॉवरच्या कोनशिलेवर हे वाक्य कोरलेलं आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, ऐन मार्चच्या उन्हात, मी ते वहीत उतरवून घेत होतो. साहेबांनी टॉवरचा इतिहास मागवला होता आणि इतिहासाची सुरुवात भारदस्त असावी असं मला वाटलं. अडचण एकच होती. त्या टॉवरवरून जंगल दिसत नाही.

म्हणजे थोडं दिसतं, कडेकडेचं. बाकीचं शेजारच्या उंच डोंगरामागे आहे. टॉवर खरा त्या डोंगरावर व्हायचा होता. नकाशातही तिथेच होता. पण तिथे गाडी जात नव्हती आणि उद्घाटनाचे पाहुणे चालणाऱ्यांतले नव्हते. म्हणून टॉवर अलीकडच्या बुटक्या डोंगरावर उभा राहिला. वर चढलं की तीन गावांची शेतं दिसतात, तुरीच्या कापणीनंतरची मोकळी रानं दिसतात, हवा स्वच्छ असेल तर लांबवर सिद्धेश्वर धरणाचं पाणी चमकतं. निसर्गसौंदर्याबद्दल तक्रार नाही.

मी वनपाल होतो. खात्यात राऊंड ऑफिसर म्हणतात. माझ्यावर आरएफओ, म्हणजे पूर्ण रेंजचे साहेब. तरुण होते, हुशार होते, फाईल वाचून सही करायचे. त्यांच्याकडे वरून पत्र आलं होतं: आता आगीची सूचना उपग्रहावरून थेट मोबाईलवर येते, तरी निरुपयोगी टॉवरांचं निर्लेखन करावं. निर्लेखन म्हणजे वस्तू सरकारी यादीतून काढून भंगारात देणं. सोबत तक्ता होता. त्यात एक रकाना: ‘टॉवरवरून प्रथम दिसलेले वणवे’.

आमच्या टॉवरपुढे सगळ्या वर्षांना एकच शब्द होता. निरंक. सरकारी मराठीत शून्याला सुशिक्षित केलं की निरंक होतं. आणि हे सगळे निरंक माझ्याच अक्षरातले. दरमहा टॉवरचं रजिस्टर बघायचं, तिथे काही नसायचं, मी निरंक लिहून मोकळा व्हायचो.

टॉवर गेला असता तर माझं काही बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं थावरा राठोडचं. थावराभाऊ खालच्या तांड्यावरचे. होळीपासून पाऊस पडेपर्यंत टॉवरवर बसायचं, धूर दिसला की कळवायचं, हे त्यांचं हंगामी काम. त्याला फायर वॉचर म्हणतात. टॉवर नाही तर वॉचर नाही.

साहेब म्हणाले, “एकदा बघून घेऊ. न बघता मी कशावरच सही करत नाही.”

दुपारी आम्ही वर चढलो. थावराभाऊंनी माठातलं पाणी दिलं. साहेबांची नजर पाणी पिता पिता कठड्याकडे गेली. तिथे एका उंच काठीला चिंध्या झालेलं, विटलेलं कापड बांधलं होतं.

“हे काय? सरकारी टॉवरवर धुणं वाळत घातलंय?”

“धुणं न्हाई साहेब. उद्घाटनाचा पडदा हाये तो. दगडावर घातलेला. पाहुणे गेले, पडदा तितंच पडला व्हता. हिरवागार व्हता तवा.”

“मग इथे कशाला?”

“वाऱ्यासाठी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही त्या फडक्याबद्दल यापेक्षा जास्त माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला तो फक्त अस्वच्छतेचा मुद्दा वाटत होता.

थावराभाऊ सांगू लागले. उन्हाळ्यात शेतकरी धुरे जाळतात. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावरचं वाळलं गवत पेटवून दिलं की काम सोपं. पण वारा असला की तीच आग शेजारच्या रानात, तिथून जंगलात. “आपल्या जंगलात आग सोताहून लागत न्हाई साहेब. शेतातून जाती. मंग मी तिन्ही गावांत सांगून ठेवलं, पेटवायच्या आधी टॉवरकडं बघा. फडका लोंबून राहिला तर खुशाल पेटवा. फडफडून राहिला तर काडी खिशात ठेवा.”

“आणि लोक ऐकतात?”

“काहून न्हाई ऐकणार? त्यांचीच कडब्याची गंजी जळती की.”

तेवढ्यात ते बोलायचे थांबले. खाली डावीकडे, जंगलाच्या कडेच्या शेतातून धूर उठला. फडका डोक्यावर फडाफडा वाजत होता. थावराभाऊंनी त्या शेताच्या मालकाला फोन लावला आणि स्पीकर न लावताही आम्हा दोघांना दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“नारायणा! डोळे गहाण टाकले का? फडका बघ की!”

“म्या न्हाई भाऊ, साडूनं पेटवला! पाहुणा हाये, त्याला काय ठाऊक फडक्याचं!”

“पाहुण्याला मंग जेवू घाल, पहिले आग इझव!”

साहेबांनी दुर्बीण घेतली. धुरा पेटत जंगलाकडे सरकत होता आणि पुढे कमरेएवढं वाळलं कुसळी गवत. साहेब जिन्याकडे धावले. मी म्हटलं, “साहेब, आपण पोचेपर्यंत अर्धा तास.” ते थांबले. दुर्बिणीतून बघण्याखेरीज आमच्या हातात काही नव्हतं. मी बत्तीस वर्षं नोकरी केली. इतका निरुपयोगी मी क्वचितच झालो असेन.

पण आजूबाजूच्या शेतांतून माणसं आधीच पळत सुटली होती. त्यांना कुणी फोन केला नव्हता. वाऱ्यात धूर, एवढं त्यांना पुरेसं होतं. लिंबाचे डहाळे तोडून ते झोडपत सुटले. त्यात एकजण पांढऱ्या शर्टात होता, सगळ्यांत जोरात झोडपत होता. तो साडू. जंगलाच्या गवताला दहा-पंधरा पावलं राहिली असताना आग संपली.

आम्ही खाली येऊन चहा घेत होतो तेव्हा साहेबांचा मोबाईल वाजला. उपग्रहाचा मेसेज. संशयित आग, सोबत ठिकाण. थावराभाऊंनी वाकून नकाशा पाहिला आणि मनापासून म्हणाले, “बराबर हाये की जागा.”

साहेबांनी विचारलं, “राठोड, अशा आगी तुम्ही रजिस्टरला का नाही लिहिल्या?”

“रजिस्टर जंगलातल्या आगीचं हाये. जी आत गेलीच न्हाई ती कोणत्या रकान्यात लिहू?”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो.

इतिहास मी त्याच संध्याकाळी लिहिला. माझे निरंक कसे चुकीचे होते हेही लिहिलं. ते लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. साहेबांनी सही केली. वरून आठवड्यात उत्तर आलं: न लागलेल्या आगींचा पुरावा जोडावा. मी हात टेकले. थावराभाऊंनी पत्र वाचून घेतलं आणि ते थेट गावात गेले. दोन दिवसांनी नारायण माझ्या ऑफिसात आला. हातात तिन्ही गावांचा अर्ज. ‘आम्ही फडका बघून धुरे पेटवतो, टॉवर काढू नये.’ खाली सह्या आणि अंगठे, तीन पानं भरून. शेवटची सही साडूची. तो राहायला सेनगावकडचा, त्याचा या टॉवरशी काही संबंध नव्हता. पण सही त्याची सगळ्यांत मोठी होती.

टॉवर यादीत राहिला. थावराभाऊही राहिले. माझा निरोपसमारंभ झाला तेव्हा भाषणात मी साहेबांचे, थावराभाऊंचे, तीन गावांचे आभार मानले. त्या चढण न चढणाऱ्या पाहुण्यांचेही मानायला हवे होते. ते तंदुरुस्त असते तर टॉवर वरच्या डोंगरावर गेला असता. तिथून जंगल छान दिसलं असतं, पण शेतातून फडका दिसला नसता. शिकलो एवढंच, की रकाना रिकामा दिसला तर आधी तो रिकामा कुणी ठेवला ते विचारावं.

निघताना थावराभाऊ म्हणाले होते, “फडका पार फाटत आला साहेब. आणखी एखादं उद्घाटन असंल तर बघा.”

पुढच्या वर्षी टॉवरची डागडुजी झाली आणि रीतीप्रमाणे तिचंही उद्घाटन झालं. मला बोलावलं होतं. नवी कोनशिला आहे, वाक्य तेच आहे. पडदा या वेळी लाल होता. हिरव्यापेक्षा लांबून बरा दिसतो.